जुनी पिकअप गाडी व तिची निगा

पदार्थविज्ञानाच्या तासास फळ्यावर लिहिलेले नियम परीक्षेपुरतेच खरे असतात, अशी पुष्कळ विद्यार्थ्यांची समजूत असते. परंतु आमच्या शाळेंत येणाऱ्या मुलामुलींपैकीं कित्येकांच्या घरीं दहा-पंधरा वर्षें राबलेली पिकअप गाडी आहे. कांदा, टोमॅटो, दूध, खत, विटा हें सर्व तिच्याच हौद्यांतून जातें येतें. ती एक दिवस उभी राहिली तर त्या दिवसाची मिळकत बुडते. आणि उतारावर तिच्या ब्रेकनें दगा दिला तर हातचें माणूस जातें. म्हणून अशा गाडीची घरच्या घरीं कोणती निगा ठेवतां येते, व कोठें आपला हात आवरावा, ह्याचा विचार आम्ही ह्या लेखांत करणार आहों.

प्रथम ह्या वाहनाचें कूळ पाहूं. १९२५ सालीं अमेरिकेंतील फोर्ड कंपनीनें आपल्या टी मॉडेल गाडीस कारखान्यांतच लहान हौदा बसवून ती २८१ डॉलरांस विकावयास काढली. आपल्याकडे टेल्को कंपनीनें १९८८ सालीं टाटामोबाइल ही गाडी बाजारांत आणली, आणि पुढें ह्या वर्गाच्या गाड्या खेडोपाडीं पसरल्या. त्यांतील जुन्या डिझेल गाड्यांचें यंत्र साधें व समजण्याजोगें असतें. नव्या गाड्यांत डिझेल हजाराहून अधिक पट वातावरणदाबानें खेळवलेलें असतें व त्यावर संगणकाचें नियंत्रण असतें. तेथें घरगुती पान्यानें कांहींहि सोडूं नये. आमचें पुढील विवेचन यांत्रिक पंपाच्या जुन्या गाडीस उद्देशून आहे.

गाडीच्या कामांचे तीन वर्ग करावे. पाहणें, पुसणें व भरणें हीं पहिल्या वर्गाचीं कामें. तीं घरांतील कोणाहि जाणत्या मुलास करतां येतात. फिल्टर बदलणें, चाक काढणें, बॅटरी साफ करणें हीं दुसऱ्या वर्गाचीं. तीं प्रथम अनुभवी माणसाच्या देखत करावीं. ब्रेक, स्टिअरिंग व पंपाची आंतील दुरुस्ती हीं तिसऱ्या वर्गाचीं. तीं मिस्त्रीचींच होत. हा विवेक ज्यास नाहीं, त्याच्या हातीं पाना न दिलेला बरा.

काम कोणतेंहि असो, आरंभ सुरक्षिततेनें व्हावा. गाडी सपाट व कठीण जमिनीवर उभी करावी, हातब्रेक ओढावा, व जें चाक उचलावयाचें त्याच्या समोरच्या टोकाकडील चाकांस दोन्ही अंगांनीं दगड किंवा लाकडी ठोकळे लावावे. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतांनाच थोडे सैल करावे, मग जॅक चढवावा. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखालीं क्षणभरहि शिरूं नये. तिच्याखालीं मजबूत लोखंडी घोडी लावावी. जॅक उचलण्यासाठीं आहे, तोलून धरण्यासाठीं नाहीं. चाक परत बसवितांना नट एकापाठोपाठ एक न आवळतां समोरासमोरचे आवळीत जावे, म्हणजे चाक तिरपें बसत नाहीं. पुढें पन्नास ते शंभर किलोमीटर धांव झाल्यावर ते पुन्हां एकदां तपासावे.

सकाळीं गाडी सुरू करण्यापूर्वीं पांच मिनिटें तिच्यासाठीं काढावीं. आधीं खालीं वांकून जमिनीवर डाग आहे काय तें पहावें. काळा डाग बहुधा इंजिन ऑइलाचा असतो. हिरवट किंवा तांबूस पाण्यासारखा असेल तर तो रेडिएटरांतील द्रवाचा. आणि चाकाच्या आंतील बाजूस ओल दिसली तर ब्रेकचें तेल गळत असल्याचा संशय धरून गाडी जागची हलवूं नये. नंतर ऑइल मोजण्याची पट्टी, जिला मिस्त्री लोक डिपस्टिक म्हणतात, ती काढून पुसावी, पुन्हां पूर्ण घालावी व काढून पहावी. ऑइल दोन खुणांच्या मध्यें असलें पाहिजे. तें कमी असणें जसें वाईट, तसें वरच्या खुणेच्या वर असणेंहि वाईट. तें दुधाच्या चहासारखें दिसूं लागलें तर ऑइलांत पाणी शिरलें असें समजावें, आणि इंजिन सुरू न करतां मिस्त्रीस बोलवावें.

रेडिएटरचें झांकण गरम इंजिनावर उघडूं नये, हें सर्वांस ठाऊक असतें. परंतु त्याचें कारण थोड्यांसच ठाऊक असतें. समुद्रसपाटीस उघडें पाणी १०० अंशांस उकळतें. रेडिएटरच्या झांकणांत स्प्रिंग असते व ती आंतील दाब वाढूं देते. हा दाब बाहेरच्यापेक्षां एका वातावरणाइतका अधिक झाला म्हणजे पाणी सुमारें १२० अंशांपर्यंत उकळत नाहीं. अशा स्थितींत झांकण उघडलें कीं दाब एकदम उतरतो, तें अतितप्त पाणी त्याच क्षणीं उकळतें, आणि वाफेसह उसळून तोंडावर येतें. म्हणून इंजिन पूर्ण थंड होईपर्यंत थांबावें. आंत विहिरीचें क्षारयुक्त पाणीहि नेहमीं भरूं नये. त्याचा थर नळ्यांत बसतो व उष्णता बाहेर पडेनाशी होते. कारखान्यानें सांगितलेला द्रव घालावा.

डिझेल संपून गाडी उभी राहिली व नंतर टाकी भरली, तरी ती पुष्कळदां सुरू होत नाहीं. येथें दोष नशिबाचा नसून हवेचा असतो. डिझेल हें द्रव जवळजवळ दाबलें जात नाहीं. हवा मात्र सहज दाबली जाते. पंप दाब देतो, परंतु नळींत हवा असेल तर तीच आंखडते, आणि शंभराहून अधिक पट वातावरणदाबाशिवाय न उघडणारा इंजेक्टर बंदच राहतो. उपाय सोपा आहे. फिल्टरावरील हवा काढण्याचा स्क्रू थोडा सैल करावा, हातपंप दाबीत रहावें, प्रथम फेसाळ डिझेल येईल, मग बुडबुड्यांविना स्वच्छ धार येईल. त्या वेळीं स्क्रू आवळावा. फिल्टराखालीं सांठलेलें पाणीहि वरचेवर काढून टाकावें. मात्र इंजेक्टरच्या फवाऱ्यापुढें बोट कधींहि धरूं नये. ती धार कातडी भेदून आंत शिरते, व बाहेरून जखम क्षुल्लक दिसली तरी बोट गमावण्याचा प्रसंग येतो. तसें घडल्यास तत्काळ रुग्णालय गांठावें.

बारा व्होल्टांच्या बॅटरींत सहा घरें असतात. ती पूर्ण भरलेली व कांहीं वेळ विसांवलेली असतां सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते. तिच्या टोंकांवर पांढरी-हिरवट भुकटी जमली तर वीज नीट वाहत नाहीं, आणि निर्दोष बॅटरीहि मेलेली वाटते. साफ करतांना ऋण टोकाची तार आधीं सोडावी व शेवटीं जोडावी. असें केलें असतां धन टोकावरील पाना गाडीच्या लोखंडास लागला तरी ठिणगी पडत नाहीं. भुकटी कोमट पाण्यांत खाण्याचा सोडा कालवून धुवावी, टोंकें कोरडीं करावीं व जोडून झाल्यावर वरून ग्रीसचा पातळ हात फिरवावा. बॅटरींतून हायड्रोजन वायु निघतो, म्हणून जवळ विडी-काडी नको.

आतां ब्रेकविषयीं, कारण सर्वांत अधिक अज्ञान येथेंच आढळतें. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांस सारखा पोंचतो, हा पास्कलचा नियम ब्रेकच्या प्रत्येक नळींत काम करीत असतो. परंतु ब्रेकचें तेल हवेंतील ओल शोषून घेतें. डॉट ३ जातीच्या ताज्या तेलाचा उत्कलनबिंदु कमींत कमी २०५ अंश असावा लागतो. पाणी मुरलेल्या स्थितींत हीच मर्यादा १४० अंश धरली आहे. कसारा किंवा खंबाटकीसारख्या घाटांत भरल्या गाडीनें सारखा ब्रेक दाबून उतरलें असतां चाकाजवळील भाग अतिशय तापतात, जुनें तेल उकळतें, नळींत वाफ होते, आणि वाफ हवेप्रमाणेंच दाबली जाते. पाय पार तळाशीं जातो, परंतु गाडी थांबत नाहीं. ह्यावर दोन उपाय आहेत. एक, तेल दर दोन वर्षांनीं बदलून घ्यावें. दुसरा, उताराच्या आरंभींच खालचा गिअर टाकावा व इंजिनासच गाडी आवरूं द्यावी.

डिझेल वांचविण्यासाठीं उतारावर इंजिन बंद करण्याची किंवा गाडी न्यूट्रलमध्यें सोडण्याची संवय कांहींजणांस असते. तिचा आम्ही ह्या ठिकाणीं स्पष्ट निषेध करतों. इंजिन बंद झालें कीं ब्रेकला साह्य करणारी निर्वात पेटी दोन-तीनदां पाय दाबतांच रिती होते, पुढें ब्रेक दगडासारखा कठीण लागतो, आणि इंजिनाचा अटकावहि उरत नाहीं. चार थेंब डिझेलाची ही काटकसर प्राणांवर बेतते.

शेवटीं दोन लहान परंतु अगत्याच्या गोष्टी. एक वही करावी व तींत तारीख, धांवलेले किलोमीटर आणि केलेलें काम लिहावें. आठ वर्षांहून जुन्या मालवाहू गाडीस दरवर्षीं योग्यता-प्रमाणपत्र घ्यावें लागतें, तेव्हां हीच वही उपयोगीं पडते. आणि काढलेलें जुनें ऑइल गटारांत किंवा विहिरीजवळ ओतूं नये. तें डब्यांत सांठवून अधिकृत संकलकाकडे द्यावें. ज्या जमिनीचा माल गाडी वाहते, ती जमीन गाडीनें नासूं नये.

विद्यार्थ्यांनीं सुटींत घरीं गेल्यावर पुढील तीन प्रश्नांचीं उत्तरें पुस्तकांत न पाहतां गाडीजवळ उभें राहून शोधावीं. आपल्या गाडीचें ब्रेक तेल शेवटचें कधीं बदललें? तिच्या टायरांतील हवेचा दाब किती सांगितला आहे, व प्रत्यक्षांत किती आहे? आणि ती घाट उतरते तेव्हां चालविणारा कोणता गिअर टाकतो? पहिल्या व तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर समाधानकारक नसेल, तर पुढच्या बाजारापूर्वीं घरच्या वडीलधाऱ्यांशीं आदरानें, परंतु न कचरतां, तो विषय काढावा.