‘एरर’ आला म्हणून खिसा उघडू नका

उत्पन्नाचा दाखला काढताना स्क्रीनवर लाल ओळ उमटली आणि मी घाबरून स्टेशनजवळच्या एका एजंटला चारशे रुपये देऊन आलो. चूक काय निघाली? रेशनकार्डाची फाइल ६० केबीची होती.

‘आपले सरकार’ पोर्टलला कागदपत्र ७५ ते ५०० केबीमधलंच लागतं. जड फाइल चालत नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं. हलकीही चालत नाही, हे कुणी सांगत नाही. व्हॉट्सॲपवरून मागवलेला फोटो वाटेतच दाबला जातो आणि कधीकधी या किमान मर्यादेच्याही खाली घसरतो. तो परत मागवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. पासपोर्ट फोटोचं गणित उलटं: ५ ते २० केबी, रुंदी १६० पिक्सेल, उंची २०० ते २१२. फोनच्या कॅमेऱ्यातला फोटो याच्या शंभरपट जड भरतो. तो फोनवरच लहान करता येतो, खर्च शून्य. फक्त आधारकार्ड कुठल्या तरी अनोळखी फुकट्या साइटवर चढवून लहान करायला जाऊ नका.

आता सरकारी दर. एप्रिल २०२५मध्ये सेवाशुल्क २० रुपयांवरून ५० झालं. त्यावर जीएसटीचे ९ आणि मुद्रांकाचे १० धरले, तर दाखला ६९ रुपयांत पडतो. सेतू केंद्रात गेलात तरी दरफलक बघा आणि पावती मागा. स्कॅनिंग-झेरॉक्सचे पैसे वेगळे. ते आधीच विचारून घ्यावेत. ‘प्रतिज्ञापत्रासाठी ५०० चा स्टॅम्प आणा’ असं कुणी म्हणालं, तर मान डोलावू नका. जात, उत्पन्न, रहिवास अशा दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, साधा कागद पुरतो.

‘नाव जुळत नाही’ हा संदेश मात्र फुकटात मिटेलच असं नाही, आणि वसईत तो नेहमीचाच पाहुणा. डिमेलो, डिसोझा, डिब्रिटो ही आडनावं इंग्रजीत लिहिताना ‘डी’नंतर वर एक टिकली लटकते. एका कागदावर टिकली, दुसऱ्यावर मोकळी जागा, तिसऱ्यावर सगळं सलग. पासपोर्टच्या यंत्राने वाचायच्या ओळीत तर ती टिकली वगळलीच जाते, आणि कित्येक अर्जांना ती चालतच नाही. आधी आधारवरचं स्पेलिंग अक्षरन्‌अक्षर तसंच टाकून बघा. आधारच चुकलेलं असेल तर केंद्रावर दुरुस्तीला ७५ रुपये (१ ऑक्टोबर २०२५पासूनचा दर). नाव बदलायची संधी जन्मात दोनदाच मिळते, तेव्हा टिकली ठेवायची की काढायची हे घरात एकदा ठरवूनच जा.

सर्वांत महागात पडते ती घाई. खात्यातून पैसे गेले आणि स्क्रीन म्हणते ‘पेमेंट फेल’. लगेच दुसऱ्यांदा भरू नका. व्यवहार क्रमांकाचा स्क्रीनशॉट काढा, पुन्हा लॉगिन करून अर्जाची स्थिती पाहा. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९च्या परिपत्रकानुसार, दुकानदाराला किंवा पोर्टलला यूपीआयने केलेलं असं फसलेलं पेमेंट व्यवहारानंतर ५ दिवसांत आपोआप परत यायला हवं. उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. ती मागताना बँकेला हे परिपत्रक दाखवा. आणि गूगलवर शोधलेल्या ‘हेल्पलाइन’ला ओटीपी सांगू नका. सांगून बसलाच असाल, तर ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

‘सेशन एक्स्पायर्ड’ किंवा नुसतंच गरगर फिरणारं चक्र हा तुमचा दोष नव्हे. दहावी-बारावीच्या निकालानंतर सगळा जिल्हा एकदमच दाखले काढतो. त्या दिवसांत पहाटे साडेपाचला उठून बसा. विरार लोकल पकडायची सवय असलेल्यांना ते जड जाणार नाही.