झिजलेली क्रँक-कप्पी

जुन्या अॅम्बॅसडर गाडीचा पट्टा वारंवार ओरडू लागला की तो ताणला जातो. ताणूनही आवाज राहिला की बदलला जातो. आणि नवा पट्टाही महिन्या-दोन महिन्यांत चकाकू लागला की दोष पट्ट्याच्या दर्जाला दिला जातो. खरा दोष पुष्कळदा ज्या कप्पीवर हा पट्टा फिरतो तिच्यात असतो. क्रँकशाफ्टच्या, म्हणजे भुजादंडाच्या, पुढील टोकावर बसवलेली ही कप्पी एरवी कोणाच्या नजरेस पडत नाही. मात्र पाण्याचा पंप, पंख्याची पाती आणि डायनामो ही तिन्ही तिच्याच जोरावर फिरतात. ती निकामी होऊ लागली की इंजिन तापते आणि बॅटरी उतरते.

येथे विचार केला आहे तो १४८९ घन सेंटिमीटर क्षमतेच्या, मूळ ब्रिटिश बनावटीच्या पेट्रोल इंजिनाचा. पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथील कारखान्यात या गाडीचे उत्पादन २०१४ साली थांबले. त्यामुळे नवे मूळ सुटे भाग दुर्मीळ झाले असून कोलकात्याचा मल्लिक बाजार किंवा दिल्लीतील काश्मिरी गेट अशा ठिकाणी मिळणारे जुने वा नक्कल केलेले भाग पारखून घ्यावे लागतात.

कप्पी झिजते म्हणजे नेमके काय होते, हे प्रथम ध्यानात घ्यावे. पट्ट्याचा छेद व्ही आकाराचा असून त्याच्या दोन्ही कडांमधील कोन सुमारे ४० अंशांचा असतो. तो खोबणीत पाचरीसारखा रुतून बसतो. या रुतण्यामुळे सपाट पट्ट्याच्या मानाने त्याची पकड जवळजवळ तिप्पट होते. ही पकड सर्वस्वी खोबणीच्या दोन भिंतींवर असते. तळाला पट्ट्याने स्पर्शही करू नये. धूळ आणि घर्षण यांमुळे भिंती खरवडल्या जाऊन आत वळल्या की पट्टा खाली उतरून तळावर टेकतो. मग पाचर उरत नाही आणि पट्टा घसरू लागतो. खोबणीचा तळ आरशासारखा चकाकत असेल, तर अधिक पुरावा शोधण्याचे कारण नाही.

दुसरी झीज अधिक घातक असते. कप्पी भुजादंडावर एका अर्धचंद्राकृती चावीने अडकवलेली असते. पुढचा नट सैल राहिला तर प्रत्येक धक्क्यासरशी कप्पी किंचित मागेपुढे हलते आणि चावीची खाच रुंदावते. यातून उठणारा ठकठक आवाज मुख्य बेअरिंगच्या आवाजाशी इतका मिळताजुळता असतो की अनेकदा विनाकारण सारे इंजिन उघडले जाते. म्हणून आधी इंजिन बंद करून, पट्टा उतरवून, कप्पी हाताने घट्ट धरून आळीपाळीने दोन्ही दिशांना पिळून पाहावी. पुढचा नट स्थिर राहून कप्पी तेवढी हलली, तर निदान झाले. असे इंजिन चालवीत राहिल्यास भुजादंडातील खाचही बिघडते, आणि थोडक्या खर्चाचे काम भुजादंड बाहेर काढण्यापर्यंत जाते.

काम इंजिन थंड असतानाच हाती घ्यावे. बॅटरीची तार सोडवावी, चाकांना अडसर लावावे. रेडिएटर काढल्याशिवाय पाना फिरवण्यास जागा मिळत नाही. म्हणून पाणी काढून तो बाजूला ठेवावा. कप्पीचा नट हा हँडल अडकवण्याच्या नख्या असलेला नट होय. त्याखालील वॉशरची दुमडलेली कड प्रथम सरळ करावी. नंतर गाडी चौथ्या गिअरमध्ये ठेवून सहकाऱ्याने पायाचा ब्रेक दाबून धरावा आणि समोरून पाहता घड्याळाच्या उलट दिशेने नट सोडवावा. नख्यांवर छिन्नी ठेवून हातोडा मारण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी दिसते. तिने नख्या तुटतात. योग्य मापाचा पाना लावून त्याच्या दांड्यावर दिलेला एक जोरकस फटका बहुधा पुरेसा ठरतो.

कप्पी ओढून काढताना पुलर तिच्या मधल्या भागाला लावावा, कडेला नव्हे. दोन स्क्रू-ड्रायव्हर खुपसून ती उचकटण्याचा मोह टाळावा, कारण मागचे टायमिंग साखळीचे झाकण पत्र्याचे असते व ते वाकते. कप्पी निघाल्यावर ऑइल सील जेथे घासते तो भाग नखाने चाचपून पाहावा. नख अडकेल इतकी चर पडली असेल तर नवे सील बसवूनही तेल झिरपतच राहील. चावीची खाच वेल्डिंगने भरून घेण्याचा उपाय स्वस्त वाटतो, परंतु उष्णतेने कप्पी वेडीवाकडी होते.

बदली कप्पी विकत घेताना जुनी सोबत न्यावी. व्यास लहान असल्यास पंप व डायनामो दोन्ही मंद फिरतात. तसेच कडेवरील टायमिंगची खूण चावीच्या खाचेपासून तेवढ्याच अंतरावर आहे की नाही, हे दोन्ही कप्प्या एकावर एक ठेवून पडताळावे. खूण चुकीच्या जागी असलेल्या कप्पीने इंजिन बिघडत नाही. पण तिच्यावर विसंबून पुढे जो ज्वलनाचे टायमिंग लावील, तो ते चुकीचे लावील.

बसवताना नवी चावी व नवे सील वापरावे आणि सीलच्या ओठाला व कप्पीच्या मधल्या भागाला तेल लावावे. कप्पी सरळ दाबत न्यावी, ठोकू नये. सीलसाठी झाकण काढले असेल तर त्याचे बोल्ट आधी सैलच ठेवून, कप्पी आत गेल्यावर आवळावेत, म्हणजे सील केंद्रात बसते. नट पूर्ण आवळून नव्या वॉशरची कड त्याच्या सपाट बाजूवर दुमडावी. तिन्ही कप्प्यांच्या खोबणी एका रेषेत आहेत ना, हे सरळ पट्टी लावून पाहावे.

खुणेची अंतिम परीक्षा झडपांवरून करता येते. वरचे झाकण काढून इंजिन हाताने फिरवावे. चौथ्या सिलिंडरची एक झडप मिटत असून दुसरी उघडू लागते, त्या क्षणी पहिल्या सिलिंडरचा दट्ट्या माथ्यावर असतो. तेव्हा कप्पीवरील खूण झाकणावरील माथ्याच्या काट्याजवळ यावयास हवी. त्यानंतर नवा पट्टा अंगठ्याने दाबला असता सर्वांत लांब टप्प्यावर एक ते दीड सेंटिमीटर दबेल इतका ताणावा, आणि दोन-तीनशे किलोमीटर धावल्यावर पुन्हा तपासावा.