पवनेकाठची गडवाट

प्रश्न : कामशेतहून पवना तलावाच्या काठाने तिकोणा पेठेला जायचं आहे. पावसाळ्यात एका दिवसात तिकोणा, तुंग, लोहगड, विसापूर हे चारही गड होतील? मुलांना तलावात पोहता येईल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तो तलाव नैसर्गिक नाही, पवना नदीवरच्या धरणाचा जलाशय आहे. काठ अचानक खोल होतो, खाली गाळही असतो. पोहणं नकोच.

चार गडांची घाईही नको. सकाळी बेडसे लेणी पाहा, मग पवनानगरमार्गे तिकोणा पेठ गाठून तिकोणा चढा. आभाळ मोकळं असेल तर माथ्यावरून तुंग, लोहगड, विसापूर दिसतात. १६६५च्या पुरंदर तहात हे चारही किल्ले मोगलांकडे गेले होते. तिकोण्याच्या शेवटच्या पायऱ्या उभ्या आणि निसरड्या आहेत. मुलांचा हात धरा. शनिवार-रविवार टाळलात तर सहल निवांत होईल.