गंजासुराचे पोट कशाने भरेल?

चार वीर एका अंधाऱ्या भुयारातून चालले आहेत. पुढच्याच्या हाती मशाल आहे, मागच्याच्या अंगावर लोखंडी चिलखत. वळणावर आर्मडिलोसारखा खवलेदार प्राणी समोर येतो. त्याच्या डोक्यावर झुरळाला असतात तशा दोन लांब मिशा आहेत. वीर तलवार उपसतो. प्राणी मिशीचे टोक पात्याला नुसते लावतो आणि तलवारीचा लालसर भुगा होऊन जमिनीवर पडतो. प्राणी तो भुगा आनंदाने खाऊ लागतो.

हा प्रसंग कथेतला नाही, खेळातला आहे. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या नावाचा हा खेळ अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तयार केला. पहिल्या आवृत्तीच्या अवघ्या एक हजार प्रती छापल्या होत्या. आज तो जगभर खेळला जातो. टेबलाभोवती पाच-सहा जण बसतात. एक जण सूत्रधार होतो, बाकीचे एकेका वीराची भूमिका घेतात. सूत्रधार प्रसंग सांगतो, खेळाडू आपण काय करणार ते सांगतात आणि यशापयश फाशांवर ठरते. हे फासेही पाहण्यासारखे असतात. सहा बाजूंच्या आपल्या नेहमीच्या फाशाबरोबर ४, ८, १२ आणि २० बाजूंचे फासे त्यात असतात. सर्व बाजू एकसारख्या आणि सर्व कोपरे एकसारखे असे बहिर्वक्र घनाकार भूमितीत एवढे पाचच होऊ शकतात. ते का, हे तुमच्या गणिताच्या शिक्षकांना विचारा. एक तास सहज जाईल.

सूत्रधाराला सतत नवनवे राक्षस लागतात, कारण जुन्यांच्या खोड्या खेळाडूंना पाठ होतात. मग नवे आणायचे कोठून? गायगॅक्स यांची एक युक्ती प्रसिद्ध आहे. हाँगकाँगमध्ये तयार झालेल्या स्वस्त प्लास्टिक प्राण्यांची एक पुडी त्यांनी दुकानातून आणली होती. त्यातले काही प्राणी इतके विचित्र होते की ते कोणते, हे कोणालाच सांगता येईना. त्यातूनच घुबडाच्या तोंडाचे अस्वल, जमिनीखालून शार्कसारखा येणारा 'ब्युलेट' आणि वर वर्णन केलेला 'रस्ट मॉन्स्टर' जन्माला आले. या शेवटच्याला आपण गंजासुर म्हणू.

घुबड-अस्वल मला फारसे आवडत नाही. दोन प्राणी एकमेकांना शिवण्याची कला फार जुनी आहे. आपल्या किल्ल्यांच्या दरवाजांवरील शरभ आणि दोन डोक्यांचा गंडभेरुंड पाहा. पण गंजासुराची गोष्ट वेगळी आहे. त्याची एक सवय आहे, एक अन्न आहे. म्हणजे त्याला प्रश्न विचारता येतात.

पहिला प्रश्न असा: गंज खाऊन कोणाचे पोट भरेल का?

अन्नातून आपल्याला ऊर्जा मिळते ती त्याचा ऑक्सिजनशी संयोग होताना. साखर शरीरात 'जळते' ती याच अर्थाने. लाकूड जळून जी राख उरते ती पुन्हा पेटत नाही, कारण तिच्यातले जे जळायचे ते जळून गेलेले असते. लोखंडाचा गंज म्हणजे काय? लोखंडाचा ऑक्सिजनशी झालेला संयोग. (हवेतील ओलावाही त्यात भाग घेतो, पण हिशेबासाठी तो बाजूला ठेवू.) म्हणजे गंज ही लोखंडाची राखच होय! आपला गंजासुर तलवार बाहेर जाळतो आणि नंतर राख चाटत बसतो. अशाने तो चार दिवसांत उपाशी मरेल. तलवारीच्या वाट्याची सारी ऊर्जा तर हवेत निघून गेली.

ही ऊर्जा किती असेल? एक किलो लोखंडाचे पूर्ण ऑक्साइड होताना सुमारे ७,४०० किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. एवढ्या उष्णतेने २० अंश सेल्सिअस तापमानाच्या २२ लिटर पाण्याला उकळी येईल. एरवी लोखंड गंजताना ते तापल्याचे आपल्याला जाणवत नाही, कारण ही क्रिया महिनोन्‌महिने चालते. थंड मुलखात गिर्यारोहक हात शेकण्यासाठी ज्या पुड्या वापरतात त्यांत लोखंडाची बारीक पूड असते. पुडी फोडून हवा लागली की ती पूड भराभर गंजू लागते आणि काही तास ऊब देते. एक किलोची तलवार मात्र निमिषार्धात गंजली तर मूठ धरणाऱ्याचा हात चांगलाच भाजेल. खेळाच्या नियमांत याचा उल्लेख नाही. शिवाय या एका किलोला सुमारे ४३० ग्रॅम ऑक्सिजन लागेल, म्हणजे दीड घनमीटर हवेतला सगळा. अरुंद, कोंदट भुयारात मशाल मिणमिणू लागेल.

तेव्हा आपण गंजासुरात दुरुस्ती करू या. तो लोखंड चावून गिळेल आणि ते त्याच्या पोटात सावकाश गंजेल. मिशांचे काम फक्त लोखंड हुंगण्याचे. आता त्याला ऊर्जा मिळेल, आणि तीही अगदीच थोडी नव्हे. एक किलो साखरेतून सुमारे १६,५०० किलोज्यूल मिळतात. लोखंड त्याच्या निम्म्याहून थोडे कमी पडते, इतकेच. ही कल्पना निव्वळ अद्भुतही नाही. अर्धवट ऑक्सिडीकरण झालेल्या लोहाचे पुढील ऑक्सिडीकरण करून त्यावर जगणारे जीवाणू निसर्गात खरोखरच आहेत. खाणींतून झिरपणाऱ्या आम्लयुक्त पाण्याला तांबूस रंग येतो त्यात त्यांचा हात असतो.

त्याला रोज किती लोखंड लागेल? मॅक्स क्लायबर या शास्त्रज्ञाने १९३२ साली सस्तन प्राण्यांसाठी एक उपयुक्त सूत्र मांडले. ते आज प्रचलित असलेल्या रूपात वापरू. प्राण्याच्या वजनाच्या (किलोग्रॅममधील) आकड्याच्या वर्गमुळाचे पुन्हा वर्गमूळ काढा, आलेल्या संख्येचा घन करा आणि त्याला ७० ने गुणा. स्वस्थ पडून राहिलेल्या प्राण्याला दिवसाला लागणाऱ्या किलोकॅलरी मिळतील. गंजासुर २०० किलोचा धरू. २०० चे वर्गमूळ १४.१४, त्याचे वर्गमूळ ३.७६, त्याचा घन सुमारे ५३. सत्तरने गुणल्यावर सुमारे ३,७०० किलोकॅलरी, म्हणजे जवळजवळ १५,६०० किलोज्यूल. भागिले ७,४००. उत्तर आले २.१ किलो. रोज दोन तलवारी, आणि त्याही नुसते झोपून राहण्यासाठी!

भुयारात रोज दोन तलवारी घेऊन कोण येणार? मग त्याला लोखंडाच्या खाणीत ठेवावे, असे तुम्ही म्हणाल. पण थांबा. खाणीतले हेमॅटाइट म्हणजे लोहाचे ऑक्साइडच, पुन्हा तीच राख. खाणीत गंजासुर भरल्या ताटावर उपाशी राहील. शुद्ध धातुरूपातले लोखंड पृथ्वीच्या पाठीवर आपोआप फारच क्वचित सापडते. उल्कांबरोबर थोडे येते. बाकी सारे माणसाने कोळशाच्या भट्टीत खनिजातला ऑक्सिजन काढून टाकून तयार केलेले असते. म्हणजे लाकडातली ऊर्जा आपण लोखंडात भरतो आणि गंजासुर ती खातो!

येथे एका खेळण्यातल्या राक्षसाचे एकदम खऱ्या प्राण्यात रूपांतर होते. तो निबिड भुयारात राहूच शकत नाही. उंदीर, घरचिमणी आणि झुरळ यांच्याप्रमाणे तो माणसाच्या सोबतीनेच राहणार. लोहाराच्या भात्यामागे, शस्त्रागाराच्या तळघरात, जहाजांच्या गोदीत. नुसत्या लोखंडाने शरीर बांधता येत नाही, त्याला कार्बन आणि नायट्रोजनही हवेत, म्हणून तो तलवारीबरोबर चामड्याचे म्यानही खाणार. एक किलो लोखंडापासून १.४ किलो ऑक्साइड बनते, तेव्हा तो रोज सुमारे तीन किलो लाल विष्ठा टाकणार. सूत्रधाराने आता राक्षस दाखवू नये. गावातील खिळे नाहीसे होत आहेत, विहिरीचा रहाट मोडून पडला आहे आणि लोहारवाड्यामागे गेरूसारखे ढीग दिसतात, एवढेच सांगावे. बाकीचा शोध खेळाडूंनी लावावा.

राक्षस मोठा करायचा तर आणखी एक हिशेब आडवा येतो. गॅलिलिओने १६३८ सालच्या ग्रंथात तो प्रथम नीट मांडला. उंची तिप्पट केली की वजन २७ पट होते, पण हाडाच्या छेदाचे क्षेत्रफळ ९ पटच वाढते. हाडावरचा ताण तिप्पट. जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२६ साली योग्य आकारमानावरील आपल्या निबंधात दहापट उंचीच्या राक्षसांची मांडी पहिल्याच पावलाला मोडेल असे दाखवून दिले. हेच हाल्डेन १९५७ साली भारतात आले, येथेच संशोधन करीत राहिले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले. त्यांचा तो छोटा निबंध मिळवून अवश्य वाचा.

ड्रॅगनची अडचण मात्र हाडांची नव्हे, भुकेची आहे. मांसाहारी प्राण्यांच्या पाहणीवरून असे दिसते की सुमारे १०,००० किलो वजनाच्या भक्ष्य-कळपावर जेमतेम ९० किलोचा भक्षक पोसला जातो. नऊशे किलोच्या एका ड्रॅगनला एक लाख किलोचा, म्हणजे पन्नास किलोची दोन हजार चितळे असलेला मुलूख हवा. एका गुहेत ड्रॅगनांचे कुटुंब ठेवणाऱ्या सूत्रधाराने आधी गुराख्यांची सोय करावी! यातून वाट आहे. थंड रक्ताच्या प्राण्याला तेवढ्याच वजनाच्या गरम रक्ताच्या प्राण्याच्या सुमारे दशांश अन्न पुरते. गंजासुरही थंड रक्ताचा मानला तर एक तलवार त्याला चार-पाच दिवस जाईल.

आता या खेळातला दुसरा प्रसिद्ध राक्षस घेऊ. दहा फूट बाजूचा हा पारदर्शक, लिबलिबीत घन. भुयारांच्या वाटा नकाशावर दहा फूट रुंद आखण्याची पद्धत होती, म्हणून त्या वाटेत बरोबर बसेल असा हा घन गायगॅक्स यांनी बनवला. वाटेत येईल ते तो आत घेऊन विरघळवतो. दहा फूट म्हणजे सुमारे ३ मीटर. घनफळ २७ घनमीटर, आणि शरीर पाण्याइतके जड धरले तर वजन २७ टन. त्याला फुप्फुसे नाहीत, रक्त नाही. ऑक्सिजन यायचा तो पृष्ठभागावरूनच झिरपत. पृष्ठफळ ५४ चौरस मीटर. मधोमध असलेल्या पेशीपर्यंत दीड मीटर अंतर आहे. नुसत्या विसरणाने जाणाऱ्या ऑक्सिजनला दहापट अंतर कापायला शंभरपट वेळ लागतो. तो तेथे पोचेपर्यंत घनाचा गाभा कुजून गेलेला असेल.

उपाय सोपा आहे: त्याला लाटून टाका. तेच २७ घनमीटर एक मिलिमीटर जाडीचे पसरले तर २७,००० चौरस मीटर होतात, जवळजवळ पावणेसात एकर! वाटेत उभा राहणारा घन गेला. त्याजागी साऱ्या भुयाराच्या भिंतींना, छताला आणि पायऱ्यांना चिकटलेली एक पातळ, पिवळसर साय आली. खेळाडू आत शिरले तेव्हाच ते तिच्या अंगावर चालू लागले होते. आपण या राक्षसाला 'साय' असेच म्हणू या.

सायीचा लहान भाऊ कुजक्या लाकडावर राहतो. फायझेरम पॉलिसेफॅलम असे त्याचे नाव. हा श्लेष्मबुरशी म्हणून ओळखला जातो, पण खरी बुरशी नव्हे. असंख्य केंद्रके असलेली ती एकच प्रचंड पेशी असते. तिला मेंदू नाही. तरीही तोशियुकी नाकागाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली तिला छोट्या चक्रव्यूहात पसरू दिले आणि दोन टोकांना अन्न ठेवले, तेव्हा बाकीच्या वाटा सोडून तिने सर्वांत जवळचा मार्ग धरला. ती उजेड टाळते. आपण मागे सोडलेल्या चिकट रेषा ओळखून, धुंडाळून झालेल्या जागी पुन्हा जायचे ती टाळते. कोरडे पडले की आकसून टणक होते आणि ओल मिळताच पुन्हा जागी होते.

हे गुण सायीला जसेच्या तसे द्या. फक्त एका तासात काही सेंटिमीटर हा तिचा वेग खेळासाठी वाढवावा लागेल. एवढी सवलत सूत्रधाराने घ्यावी. कोरड्या भुयारात खेळाडूंना भिंतीवर नुसती पिवळी खरपुडी दिसेल. कोणी जखम धुवायला पखाल सांडली की पाच मिनिटांनी ती खरपुडी मऊ पडू लागेल. मशाल असेपर्यंत ती दूर सरकेल. आणि बाहेरचा सर्वांत जवळचा रस्ता कोणता, हे तिच्या जाड झालेल्या शिरा पाहून चतुर खेळाडूला कळेल. राक्षसाकडूनच नकाशा मिळाला!

आपण शाळेतली मुले, आपला राक्षस कोण घेणार, असे मनात आणू नका. इंग्लंडमधील 'व्हाइट ड्वार्फ' मासिकात वाचकांनी पाठविलेल्या राक्षसांचे एक सदर असे. चार्ल्स स्ट्रॉस या शाळकरी मुलाने पाठविलेले 'गिथयांकी' १९७९ साली त्यात छापले गेले. १९८१ साली निघालेल्या राक्षसांच्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावरही ते झळकले आणि आजही खेळात आहेत. स्ट्रॉस पुढे विज्ञानकथालेखक झाले.

गंजासुराचा एक हिशेब मुद्दाम तुमच्यासाठी राखून ठेवला आहे. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर काळी वाळू मिळते. तिच्यात चुंबक फिरवला की चिकटून येणारे कण मुख्यतः मॅग्नेटाइटचे असतात. मॅग्नेटाइटमधले लोह पूर्ण गंजलेले नसते. एका किलोचे हेमॅटाइट होताना सुमारे ५०० किलोज्यूल ऊर्जा मिळते. आपला २०० किलोचा गंजासुर माणसाने भट्टी पेटविण्यापूर्वी या वाळूवर जगला असेल का? गरम रक्ताचा असता तर रोज किती किलो वाळूकण त्याला खावे लागले असते, आणि थंड रक्ताचा असता तर किती? तेवढे वेचण्यासाठी त्याच्या शरीरात कोणता अवयव हवा, त्याचे चित्र काढा.