पद्मिनीचं दुखणं गरम असतानाच ओळखा

बरेच महिने उभी असलेली प्रीमियर पद्मिनी चालू करायची म्हटली की माणूस पहिल्यांदा बॉनेट उघडतो. माझं सांगणं आहे, आधी चाकं खोला. चालू न होणारी गाडी कोणाला इजा करत नाही. न थांबणारी करते.

हे मी शिकलो ते म्हैसूरच्या चामुंडी टेकडीवर. शहरापेक्षा ही टेकडी सुमारे तीनशे मीटर उंच. वर जाताना इंजिनाची परीक्षा, खाली येताना ब्रेकची. एका रविवारी उतरताना मी सगळा वेळ पायाखाली ब्रेक दाबून ठेवला होता. टेकडीवरच्या नंदीच्या मूर्तीच्या अलीकडे पेडल एकदम मऊ झालं आणि पार तळाला गेलं. गिअर खाली ओढत, कडेच्या चढाला चाक लावून गाडी थांबवली. अर्ध्या तासाने पाहतो तर पेडल पूर्ववत! गॅरेजमध्ये दोघांनी तपासलं, "काही नाही सर, ठीक आहे" म्हणाले. ठीक नव्हतं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. आमचं ऑइल कित्येक वर्षं बदललेलं नव्हतं. ड्रम तापले, ऑइलमधल्या पाण्याची वाफ झाली आणि पायाचा जोर ती वाफ दाबण्यातच संपला. गाडी थंड झाल्यावर वाफ विरली, दोषही दिसेनासा झाला. जुन्या गाडीची बरीच दुखणी अशी गरमीत येतात आणि मेस्त्रीसमोर लपतात. म्हणून दुखणं चालू असतानाच पाहायची सवय लावून घ्या.

या गाडीचं म्हैसूरशी जुनं नातं आहे, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. सर विश्वेश्वरय्या १९३५ मध्ये युरोप-अमेरिकेतले मोटार कारखाने पाहून आले आणि त्यांनी भारतात मोटारी बनवण्याची योजना आखली. म्हैसूर संस्थानाची मदत घेण्याची खटपट झाली, पण इंग्रज सरकारने ती पुढे जाऊ दिली नाही. त्या खटपटीत सोबत असलेल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी अखेर १९४४ मध्ये मुंबईत प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या त्या कारखान्यातून १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट बाहेर पडली आणि १९७० च्या दशकात तीच प्रीमियर पद्मिनी झाली. इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं, कार्ब्युरेटरवर चालणारं. चारही चाकांना ड्रम ब्रेक. घरी बसून समजून घेता येईल इतकी सरळ गाडी आहे ही.

आता ब्रेक. गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद. जुन्या पद्मिनीच्या ब्रेकला बूस्टर नसतो, त्यामुळे पाय जे सांगेल ते खरं. पेडल जोराने दाबा आणि अर्धा मिनिट तसंच धरा. ते हळूहळू खाली सरकत असेल तर ऑइल कुठेतरी निसटतंय. चारही चाकांच्या आतल्या बाजूला, पाइपांच्या जोडांवर ओल आहे का पाहा. सगळं कोरडं असेल आणि ब्रेक ऑइलच्या डबीतली पातळीही उतरत नसेल, तर मास्टर सिलिंडरच्या आतलं रबर गेलं आहे. पहिल्या दाबाला पेडल खोल जातं आणि लगेच दुसऱ्या दाबाला वर येतं, तेव्हा बहुधा शू आणि ड्रममधलं अंतर वाढलेलं असतं, अ‍ॅडजस्ट करा. पेडल स्पंजासारखं लागत असेल तर आत हवा आहे. आणि पेडल दगडासारखं कडक, तरी गाडी थांबत नाही, तर ड्रम उघडावाच लागेल: लायनर काचेसारखा गुळगुळीत झालेला असेल किंवा तेलाने भिजलेला.

ड्रम उघडताना गाडी नुसत्या जॅकवर ठेवू नका. पक्का स्टँड लावा, बाकीच्या चाकांना लाकडी टेकणं द्या. आतली काळी धूळ फुंकून किंवा हवा मारून उडवायची नाही. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, ते फुप्फुसात जाऊन बसतं. ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडकं पिशवीत बांधून टाकून द्या. तेल प्यायलेला लायनर पेट्रोलने धुऊन परत लावण्याची पद्धत अजून दिसते. मला ती मान्य नाही. तापल्यावर आतलं तेल पुन्हा वर येतं. लायनर बदला, आणि तेल आलं कुठून ते आधी शोधा.

ब्रेक मारल्यावर गाडी डावीकडे ओढत असेल तर लोक डावं चाक उघडतात. बहुतेक वेळा डावं चाक आपलं काम नीट करत असतं. काम चुकवणारं उजवं असतं, तिथला व्हील सिलिंडर अडकलेला असतो. एखादं चाक ब्रेक सोडल्यावरही जाम राहत असेल तर एक सोपी परीक्षा आहे: ते चाक उचला आणि त्याचा हवा काढायचा निप्पल थोडा सैल करा. ऑइल उडून चाक मोकळं झालं, तर दाब आत कोंडला होता. बहुधा रबरी होज पाइप आतून फुगलेला असतो. बाहेरून तो नवा दिसतो, पायाच्या जोराने ऑइल पुढे जाऊ देतो, पण परत येऊ देत नाही. निप्पल सैल करूनही चाक जामच, तर दोष यांत्रिक: स्प्रिंग, शू किंवा गंजलेला सिलिंडर. आणि चारही चाकं एकदम धरत असतील तर चाकं उघडत बसू नका. मास्टर सिलिंडरकडे जा, पेडलला थोडी मोकळी चाल आहे का पाहा. ती नसेल तर ऑइल परत यायची वाटच बंद राहते.

हवा काढायला दोन माणसं लागतात. आमच्याकडे लेक सीटवर बसते. मी खालून "दाब गं" म्हणतो, ती दाबते. "धरून ठेव" म्हणत मी निप्पल उघडतो, बुडबुडे बाटलीत जातात, निप्पल बंद करतो, आणि मगच "सोड". हा क्रम चुकला की हवा परत आत. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक पहिलं: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. डबी मध्येच रिकामी होऊ द्यायची नाही. बाटलीतलं ऑइल परत वापरायचं नाही. इंजिन ऑइलचा एक थेंबही या डबीत जाता कामा नये, त्याने आतली सगळी रबरं फुगतात. ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा. दर दोन वर्षांनी ऑइल बदला, गाडी चालली असो वा नसो.

ब्रेकवर विश्वास बसला की इंजिन. इथे पहिला प्रश्न पान्याचा नाही, आठवणीचा आहे: गाडी बंद पडली कशी? दिवा विझावा तशी एकदम, तर करंट. धक्के देत, खोकत, तर पेट्रोल. नेहमीच असं होतं असं नाही, पण सुरुवात कुठून करायची हे कळतं.

करंट तपासायला डिस्ट्रिब्युटरच्या टोपणातली मधली जाड वायर काढा, कोरड्या रबरी पकडीने इंजिनाच्या लोखंडापासून पाच-सहा मिलिमीटरवर धरा आणि कोणालातरी सेल्फ मारायला सांगा. जवळ पेट्रोल सांडलेलं नको. निळी, कडकडणारी ठिणगी आली तर कॉइलपर्यंत सगळं ठीक, पुढे टोपण, रोटर आणि प्लग पाहा. पिवळट, अशक्त ठिणगी आली तर डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट उघडा. म्हैसूरच्या पावसाळ्यात उभ्या गाडीच्या पॉइंटवर पातळ थर चढतो. लग्नपत्रिकेच्या जाड कागदाची पट्टी त्यात दोन-तीनदा ओढली तरी कित्येकदा गाडी बोलू लागते. मग फिलर गेजने फट ०.४ मिलिमीटरच्या आसपास ठेवा. पॉइंट वारंवार जळत असतील तर कंडेन्सर बदला. पण जुना चालणारा कंडेन्सर फेकू नका. बाजारात मिळणारे नवे सगळेच टिकत नाहीत.

करंट चांगला असेल तर कार्ब्युरेटरकडे जाणारा पाइप काढून बाटलीत सोडा, कॉइलची वायर काढूनच ठेवा आणि सेल्फ मारा. पेट्रोल ठोक्याठोक्याने आलं पाहिजे. येत नसेल तर टाकी, फिल्टर, पाइप, शेवटी पंपाचा पडदा. इथे डिपस्टिक ओढून वास घ्या. ऑइलची पातळी वाढली असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल तर पडदा फाटून पेट्रोल खाली सम्पमध्ये उतरतंय. अशा वेळी इंजिन चालू करायचंच नाही. पडदा बदला, ऑइल बदला, मगच सेल्फ. हल्लीच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलने जुन्या पद्धतीची रबरं लवकर मऊ पडतात, तेव्हा पडदा आणि पाइप इथेनॉल सोसणारेच मागून घ्या.

आता गरमीतलं दुखणं. उन्हात चढ चढून गाडी थांबवली आणि परत चालू होईना, तर दोन संशयित असतात: पाइपात वाफ झालेलं पेट्रोल किंवा तापल्यावर झोपणारी कॉइल. थंड झाल्यावर दोघंही निर्दोष दिसतात. म्हणून बंद पडल्या क्षणीच ठिणगी पाहा. ठिणगी नाही, तर कॉइल किंवा कंडेन्सर. ठिणगी जोरदार, पण पेट्रोल येत नाही, तर पंपावर आणि पाइपावर ओलं फडकं टाकून थांबा. तुम्ही आधी फडकं टाकलंत आणि गाडी चालू झाली, तर कारण कळणारच नाही, कारण तेवढ्या वेळात कॉइलही थंड झालेली असते. हाच नियम सुट्या भागांना: एका वेळी एकच बदला. प्लग, पॉइंट, कंडेन्सर एकदम घातले आणि गाडी सुधारली तर काय बिघडलं होतं ते तुम्हाला कधीच कळत नाही.

तापमानाचा काटा लालकडे गेला तर रेडिएटरचं टोपण उघडू नका. बंद करून अर्धा तास थांबा. फॅन बेल्ट अंगठ्याने दाबून पाहा. थंड झाल्यावर पाणी भरा. पाणी पुन्हा पुन्हा कमी होत असेल, ऑइल दुधाळ दिसत असेल, तर हेड गॅस्केटचं काम आहे आणि ते रस्त्यावर होत नाही.

उटीकडे निघणार असाल तर हे सगळं म्हैसूरमध्येच आटपा. बंदीपूरच्या जंगलातला रस्ता रात्री ९ ते सकाळी ६ बंद असतो, आणि दिवसाही तिथे उतरून बॉनेट उघडायचं नाही. पलीकडे मसिनगुडीवरून जाणाऱ्या कल्हट्टी घाटात ३६ हेअरपिन वळणं आहेत. तो घाट आपल्या ब्रेकची पहिली परीक्षा ठरू नये.

पहिली परीक्षा चामुंडीवरच घ्या, सकाळी लवकर, रस्ता रिकामा असताना. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेक दाबा, सोडा, परत दाबा, सतत धरून ठेवू नका. अधूनमधून पेडलची उंची पायाने मोजत राहा. नंदीपाशी गाडी बाजूला घ्या आणि चारही चाकांजवळ तळहात न्या, लावू नका. पुढची दोन सारखी गरम आणि मागची दोन त्याहून थोडी कमी, पण आपसात सारखी असायला हवीत. एखादं जास्त तापलं असेल तर ते धरून राहतंय, एखादं गारच असेल तर ते काम करत नाही. ते चाक कोणतं, हे तिथेच, गरम असताना, कागदावर लिहून घ्या.