बाजाराचा अभ्यास आणि फेरपडताळणी

महाविद्यालयांतील काही विद्यार्थी मंडळे संगणकाच्या साहाय्याने शेअर बाजाराचा अभ्यास करतात. खरेदी-विक्रीचा एखादा नियम ठरवून तो मागील वर्षांच्या भावांवर लावून पाहावयाचा, अशी ही पद्धत होय. उपक्रम स्तुत्य आहे. तथापि त्यातून निघालेला निष्कर्ष दुसऱ्या विद्यार्थ्यास त्याच साधनांनी पुन्हा काढता आला नाही, तर त्यास अभ्यास म्हणता येणार नाही.

चूक कशी शिरते, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. हैदराबादची सत्यम कॉम्प्युटर ही कंपनी २००८ साली निफ्टी निर्देशांकातील पन्नास कंपन्यांपैकी एक होती. ७ जानेवारी २००९ रोजी तिच्या हिशेबांतील लबाडी उघड झाली. एका दिवसात समभागाचा भाव तीन चतुर्थांशाहून अधिक घसरला आणि त्याच महिन्यात कंपनीस निर्देशांकातून वगळण्यात आले. आजची पन्नास नावे घेऊन २००८ पासूनची चाचणी केल्यास सत्यम तीत येतच नाही. बुडालेले सुटतात, तगलेल्यांचाच हिशेब होतो आणि नियम वाजवीपेक्षा अधिक फायदेशीर दिसतो.

दुसरा धोका वारंवार चाचणी करण्याचा. अमेरिकेतील क्वांटोपियन या संस्थेने (ही २०२० साली बंद झाली) ८८८ नियमांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध केला. मागील भावांवर मिळालेल्या यशावरून पुढील यशाचा अंदाज फारसा बांधता येत नाही आणि चाचण्या जितक्या अधिक, तितकी तफावतही अधिक, असे त्यात आढळले.

यास्तव मंडळांनी पुढील पथ्ये पाळावीत :

१. भावांची मूळ प्रत न बदलता जपावी. ती कोठून व केव्हा घेतली, हे नोंदवावे.
२. प्रत्येक वर्षासाठी त्या वर्षीचीच कंपन्यांची यादी वापरावी.
३. संगणकीय आज्ञावलीतील प्रत्येक बदल तारखेसह नोंदवावा.
४. फसलेल्या चाचण्याही वहीत लिहाव्यात. अलीकडील काही वर्षांचे भाव अखेरच्या एकाच चाचणीसाठी राखून ठेवावेत.
५. दलाली व कर वजा करूनच नफा मांडावा.
६. दुसऱ्या विद्यार्थ्याने दुसऱ्या संगणकावर तेच उत्तर काढून दाखविल्याखेरीज निष्कर्ष जाहीर करू नये.

सेबीच्या सप्टेंबर २०२४ मधील अहवालानुसार, वायदे व ऑप्शन यांचे व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के लोकांना २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत तोटा झाला. कागदावरील नफ्याला भुलून घरची पुंजी बाजारात लावण्यापूर्वी ही गोष्ट ध्यानी घ्यावी. वहीत सापडलेली चूक खोडता येते. बाजारात सापडलेली चूक पैसे देऊनच फेडावी लागते.