तपमापकावरील दोन पट्ट्या : अंशांचे रूपांतर आणि रेशीम कीटकांचे संगोपन

रेशीम कीटकांचे संगोपन करणाऱ्या शेतकऱ्यास घड्याळापेक्षाही अधिक वेळा ज्याकडे पाहावे लागते, असे साधन म्हणजे तपमापक होय. छत्रपती संभाजीनगरातील गुलमंडीसारख्या जुन्या पेठेत बाजारहाटासाठी आलेला शेतकरी इतर सामानाबरोबर भिंतीवर टांगावयाचा एक तपमापक विकत घेतो, तेव्हा त्याच्या हाती बहुधा दोन पट्ट्यांचे साधन पडते. काचेच्या नळीच्या एका बाजूस सेल्सिअसचे आकडे आणि दुसऱ्या बाजूस फॅरनहाइटचे आकडे असतात. कधी कधी एकच पट्टी असते आणि तीही नेमकी नको ती. हिमरूच्या विणकामामुळे या शहराचा रेशमाशी संबंध जुना आहे. आता ज्या कोषातून धागा निघतो तो कोषही मराठवाड्याच्या शेतात तयार होऊ लागला असून जालना येथे २०१८ साली कोष खरेदीची बाजारपेठही सुरू झाली. तेव्हा अंशांचा हा हिशेब शाळेच्या पाटीपुरता राहिलेला नाही.

बाल्यावस्थेतील कीटकांस, म्हणजे चॉकी संगोपनाच्या काळात, २६ ते २८ अंश सेल्सिअस तपमान व ८० ते ८५ टक्के सापेक्ष आर्द्रता मानवते. प्रौढावस्थेत २४ ते २५ अंश तपमान आणि सुमारे ७० टक्के आर्द्रता पुरेशी होते. आता हिवाळ्यातील एका रात्रीची कल्पना करावी. संगोपनगृहातील तपमापक फॅरनहाइटचा आहे व पारा ८१ वर उभा आहे. शेतकऱ्याच्या मुलास सूत्र अर्धवट आठवते. तो ८१ ला पाचाने गुणतो, नवाने भागतो, ४५ येतात, आणि मग त्यातून ३२ वजा करतो. उत्तर येते १३. खोलीत १३ अंशच आहेत असे समजून शेगडी पेटविली जाते, दारे-खिडक्या बंद केल्या जातात. वास्तविक आधी ३२ वजा करावयाचे होते : ८१ मधून ३२ गेले, उरले ४९, ४९ गुणिले ५ भागिले ९, म्हणजे २७.२. कीटक सुखात होते. शेगडीने आणि कोंदट हवेने त्यांना त्रास दिला. वाढलेल्या उष्णतेत पाने लवकर सुकतात, कीटक अन्न सोडतात आणि रोगांस वाव मिळतो. एका वजाबाकीची जागा चुकल्याने संपूर्ण पीक धोक्यात येऊ शकते.

ही ३२ ची भानगड कोठून आली, हे समजले म्हणजे सूत्र विसरले जात नाही. फॅरनहाइट याने १७२४ साली प्रसिद्ध केलेल्या मापात बर्फ, पाणी व क्षार यांच्या मिश्रणाचे तपमान शून्य धरले होते, बर्फ व पाणी यांचे ३२ आणि माणसाच्या शरीराचे ९६. पुढे पाणी उकळण्याचा बिंदू २१२ वर निश्चित झाला. म्हणजे गोठण्यापासून उकळण्यापर्यंत त्याच्या पट्टीवर १८० पायऱ्या आहेत, तर सेल्सिअसच्या पट्टीवर १००. शंभरास एकशे ऐंशी, म्हणजेच पाचास नऊ. आणि फॅरनहाइटची मोजणी गोठणबिंदूला शून्यापासून सुरू न होता ३२ पासून सुरू होते, म्हणून ते ३२ आधी बाजूस काढावे लागतात. स्वीडनच्या सेल्सिअसने १७४२ साली आपले माप मांडले, तेव्हा त्याने उकळबिंदूस शून्य व गोठणबिंदूस शंभर म्हटले होते! तो १७४४ मध्ये वारला आणि त्यानंतर लवकरच ही पट्टी उलटी करून आजच्या रूपात आली. पूर्वी तिला सेंटिग्रेड म्हणत. १९४८ साली आंतरराष्ट्रीय परिषदेने सेल्सिअस हे नाव ठरविले. दोन्ही नावांनी अंश मात्र तोच.

तोंडी हिशेबासाठी पुढील रीत सोयीची आहे. सेल्सिअसचा आकडा दुप्पट करावा, त्या दुपटीतून तिचा दहावा भाग वजा करावा व ३२ मिळवावेत. २५ ची दुप्पट ५०. ५० मधून ५ गेले, ४५. त्यात ३२ मिळवून ७७. हे उत्तर अगदी अचूक असते. उलट जाताना ३२ वजा करून निम्मे करावे व त्या निम्म्याचा दहावा भाग त्यात मिळवावा. ८० मधून ३२ गेले, ४८; निम्मे २४; त्यात २.४ मिळविले की २६.४. खरे उत्तर २६.७ आहे, संगोपनगृहात एवढा फरक चालतो.

याहून सूक्ष्म चूक फरकाच्या बाबतीत होते, व ती शिकलेल्या माणसाकडूनही होते. ‘तपमान ३ अंश सेल्सिअसने कमी करावे’ अशी सूचना असली, तर ३ चे रूपांतर करून ३७.४ काढणे निरर्थक आहे. येथे तपमान सांगितलेले नसून दोन तपमानांतील अंतर सांगितले आहे. अंतरास ३२ चा स्पर्श नाही. ३ ला नवाने गुणून पाचाने भागावे, ५.४ येतात, तेवढाच पारा खाली आणावा. कुक्कुटपालनातही हाच प्रसंग येतो. पिलांना पहिल्या आठवड्यात ९५ अंश फॅरनहाइट ऊब देऊन पुढे दर आठवड्यास ५ अंश कमी करावयाचे असतात. सेल्सिअसमध्ये हे ३५ पासून दर आठवड्यास सुमारे २.८ अंश इतके होते. सेल्सिअसच्या तपमापकावर ५ अंश उतरविल्यास पिले थंडीने एकमेकांवर गोळा होतात आणि खालची गुदमरतात.

जुन्या युरोपीय रेशीम-ग्रंथांची भाषांतरे वाचणाऱ्यास तिसरीच पट्टी भेटते. फ्रान्सच्या रेओम्यूरने १७३० साली गोठणबिंदूस शून्य व उकळबिंदूस ८० असे माप केले. आपल्याकडील जुन्या पाठ्यपुस्तकांत ते ‘रोमर’ नावाने येई. हा रेओम्यूर कीटकांचाही मोठा अभ्यासक होता, हा योगायोग रेशीम उत्पादकास आवडावा. अशा ग्रंथात ‘१९ अंश’ वाचून कीटकांस थंडीत ठेवू नये. रोमरचा आकडा पाचाने गुणून चाराने भागावा : १९ चे पावणेचोवीस अंश सेल्सिअस होतात.

रूपांतर बरोबर असूनही साधनच खोटे असेल तर उपयोग नाही. त्याची परीक्षा बर्फाने करावी. भांड्यात बर्फाचा चुरा व थोडे पाणी घालून त्यात नळीचा खालचा फुगा दहा मिनिटे बुडवून ठेवावा. पट्टी लाकडाची वा पुठ्ठ्याची असल्यास ती भिजू देऊ नये. ० अंश सेल्सिअस किंवा ३२ अंश फॅरनहाइट दिसले पाहिजेत. अंशभर फरक पडल्यास तो तपमापकाच्या पाठीवर लिहून ठेवावा व प्रत्येक वाचनात धरावा. भिंतीवरचा तपमापक उकळत्या पाण्यात मात्र कधीही घालू नये. त्याची नळी साधारण ५० अंशांपर्यंतच्या उष्णतेसाठी केलेली असते व ती फुटते. मोठ्या पट्टीचा तपमापक उकळत्या पाण्यात घातला आणि १०० ऐवजी ९८ दिसले, तर दुकानदारास दोष देऊ नये. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंच असल्याने येथे पाणी तेवढ्यावरच उकळते.

तपमापक पत्र्याच्या छताजवळ किंवा शेगडीसमोर न टांगता कीटकांच्या मांडणीच्या उंचीवर, उन्हापासून दूर टांगावा. नळीच्या कडेस तेलरंगाने दोन बारीक रेघा ओढाव्यात : चॉकीसाठी ७९ ते ८२ फॅरनहाइटच्या दरम्यान हिरवी, प्रौढ कीटकांसाठी ७५ ते ७७ च्या दरम्यान पिवळी. म्हणजे रात्री कंदील घेऊन पाहणाऱ्या कोणाही माणसास, गणित येवो वा न येवो, पारा कोठे असावा ते दिसेल.